ढोमणे बाई आणि सात नंबरची प्रेस

ढोमणे बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका माणसाला मारत होत्या.

हातात फूटभर लांबीची स्टीलची पट्टी होती आणि फटका त्या माणसाच्या उजव्या पंजावर बसला होता. माणूस चांगला धिप्पाड. संतोष त्याचं नाव, प्रेसवरचा ऑपरेटर. तो हात काखेत दाबून, तोंड उघडं टाकून बाईंकडे बघत होता. बायकोनेही कधी हात उगारला नसेल त्याच्यावर. आणि ही काल क्वालिटी विभागात रुजू झालेली, काळीसावळी, पदर कमरेला खोचलेली बाई त्याला म्हणत होती, "दुखला का?"

"मग काय, दुखणारच की!"

"बरं झालं. दुखायले हात आहे अजून."

आमचा कारखाना हडपसरच्या बाजूला होता. गाड्यांना लागणारे पत्र्याचे लहानमोठे भाग आम्ही करायचो. प्रेसखाली पत्रा ठेवायचा, वरून लोखंडी ठोकळा दाणकन खाली यायचा आणि पत्रा कापला जायचा. प्रेसला दोन बटणं असतात आणि ती दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागतात. हेतू एवढाच, की ठोकळा खाली येताना माणसाचे दोन्ही हात बाहेर असावेत. पण दोन्ही हात गुंतले की काम सावकाश होतं. म्हणून संतोषने एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. एक हात बटणावर, दुसरा ठोकळ्याखाली. बाईंनी ते पाहिलं, पाचर उपसून फेकली आणि मग पट्टी उचलली.

युनियनची माणसं वर्क्स मॅनेजर परांजपे साहेबांकडे गेली. बाईंनी माफी मागावी असं ठरलं. बाईंनी मागितली, सगळ्यांसमोर. म्हणाल्या, "पट्टीनं मारायला नको होतं. ती मोजायची वस्तू आहे. पुढच्या वेळी हातानं मारीन."

मी प्लॅनिंगला होते. माझं टेबल आणि त्यांचं टेबल एकाच खोलीत, मध्ये फक्त फायलींचं कपाट. नारायण पेठेत वाढलेल्या माझ्यासारख्या बाईला त्या शेजाराची सवय व्हायला बराच काळ गेला. आमच्याकडे माणसं भांडतात ती शब्दांनी, आणि तेही शक्यतो आवाज न चढवता. बाईंचं सगळं अंगानं चालायचं. ड्रॉवर गुडघ्याने बंद करायच्या. फोन ठेवायच्या तो आपटून. जेवणाच्या सुट्टीत डब्यातली हिरवी मिरची अशी करकचून चावायच्या की मलाच ठसका लागायचा. त्या मूळच्या यवतमाळकडच्या. एरवी बोलणं आमच्यासारखंच, पण राग आला की जीभ थेट वऱ्हाडात पोचायची. आणि राग रोज यायचा.

बिबवेवाडीत दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. लग्न झालं होतं, मोडलं होतं, एवढंच मला माहीत. कारखान्यात मात्र त्यांच्याबद्दल बरंच काही बोललं जायचं. कुणी म्हणे भावाचा हात यंत्रात गेला, कुणी म्हणे वडिलांचा, म्हणून ह्या अशा. एकदा मी धीर करून विचारलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मीनाताई, माझ्या माहेरी सगळे धडधाकट आहेत. लोकांचे हात शाबूत राहावेत असं वाटायला घरात कुणी लुळं असावं लागतं का?"



संध्याकाळी स्वारगेटपर्यंत आम्ही एकाच बसने यायचो. एकदा गर्दीत एक शर्ट इन केलेला गृहस्थ कॉलेजातल्या एका मुलीला मागून चिकटून उभा होता. पोरगी रडकुंडीला आली होती. बाई उठल्या, त्याच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या, दांडीवरचा त्याचा हात पकडला आणि अंगठा उलटा वळवला. कट् असा आवाज मी माझ्या जागेवरून ऐकला. तो माणूस गुरासारखा ओरडला. बाईंनी कंडक्टरला घंटा द्यायला लावली, त्या गृहस्थाला स्टॉप नसलेल्या जागी खाली ढकललं आणि परत येऊन माझ्याजवळ बसल्या. "मंडईत मेथी काय भावानं आहे हो सध्या?"

"अहो बाई, अंगठा मोडलात तुम्ही त्याचा!"

"दुसरा आहे ना त्याले," त्या म्हणाल्या.

हे सगळं त्या काळातलं, जेव्हा परदेशी मोटार कंपन्या पुण्याच्या आसपास येऊ लागल्या होत्या आणि आमच्यासारख्या कारखान्यांना त्यांचं काम मिळवायची घाई झाली होती. त्या लोकांना तोंडी काही चालत नसे. सगळं तक्त्यात आणि चार्टात हवं. मग आमच्या खोलीत एक कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एसी लागला, आम्ही चपला बाहेर काढून आत जाऊ लागलो. शिकवायला माणूस यायचा, तो आठ दिवस येऊन गेला. तो गेल्यावर बाकीचे कुणी तिकडे फिरकले नाहीत. बाई मात्र रोज सुट्टीत कॉम्प्युटरपुढे बसायच्या आणि त्याच्याशीही भांडायच्या.

त्यांना एकच चार्ट हवा होता. कारखान्यातल्या सगळ्या प्रेसचे ब्रेक त्यांनी स्वतः तपासले होते. ठोकळा खाली येत असताना बटणं सोडली तर प्रेस ताबडतोब थांबली पाहिजे. किती वेळात, त्याची मर्यादा ठरलेली असते. जी प्रेस मर्यादेच्या आत थांबते तिचा आकडा अधिक, जी उशिरा थांबते तिचा उणे. शून्य म्हणजे मर्यादा. अधिकचे खांब शून्याच्या रेषेवरून वर जाणार, उण्याचे खाली लोंबणार. बऱ्याच प्रेस वर होत्या, दोन जेमतेम रेषेवर. सात नंबरची प्रेस एकटी खाली गेली होती, चांगली खोल.

चार्ट पहिल्यांदा छापून आला तेव्हा मी बाजूलाच होते. बाईंनी कागद पाहिला आणि मॉनिटरच्या डोक्यावर अशी थाप मारली की पडदा थरथरला.

"हे पाहा! नावं खाऊन टाकली यानं!"

झालं होतं असं, की प्रेसचे नंबर शून्याच्या रेषेला चिकटून तिच्या खाली छापले जात होते. वर गेलेल्या खांबांना त्याचा त्रास नव्हता. पण सात नंबरचा खांब खाली येताना नेमका स्वतःच्याच नंबरावर चढला होता. गडद खांबाच्या आत काळा आकडा. कोणती प्रेस बिघडली आहे, तेवढंच वाचता येत नव्हतं.

"जी मारणार आहे तिचंच नाव दिसत नाही. मग बाकीच्यांची काय पूजा करू?"

दोन दिवस बाई त्या रेषेच्या मागे लागल्या. माऊस आपटून त्याची एक कड उडवली. शेवटी सापडलं. रेषेवर दोनदा क्लिक करायचं, ॲक्सिसची चौकट उघडते, तिच्यात नावं कुठे छापायची ते विचारलेलं असतं. तिथे 'लो' निवडायचं. सगळे नंबर चार्टच्या अगदी तळाशी, मोकळ्या जागेत जाऊन बसले, आणि खांब मात्र शून्यावरून वरखाली तसेच राहिले. सातचा खांब लाल केला. त्याच्या खाली स्वच्छ वाचता येणारा सात. बाईंनी मला खांद्याला धरून गदागदा हलवलं. "दिसलं का? आता आंधळ्यालेही दिसल!"

त्यांच्या तोंडी "समजलं का?" कधी नसे. "दिसलं का?" असंच विचारायच्या. चार्ट त्यांनी प्रेस शॉपच्या दारात, हजेरीच्या पंचिंग घड्याळाशेजारी लावला. येताजाता लोक बघायचे. संतोष सात नंबरवरच होता. त्याने बाईंना विचारलं, "बाई, माझीच का हो खाली?"

"ब्रेक झिजलाय तिचा. सांगितलंय वर. तोवर पाचर ठोकशील तर दोन्ही हात मी तोडीन तुझे."

वर म्हणजे परांजपे साहेब. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला कधी भेटला नाही. शिपायालासुद्धा 'आपण' म्हणायचे. आवाज चढवल्याचं मी ऐकलं नाही. सात नंबरचा ब्रेक बदलायचा म्हणजे प्रेस काही दिवस बंद ठेवावी लागणार होती आणि नव्या परदेशी गिऱ्हाइकाचा नमुन्याचा माल तिच्यावरच निघत होता. गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला येणार होती. त्याच्या आदल्या दिवशी दारातला चार्ट बदललेला आम्हाला दिसला.

आकडे तेच होते. नंबर तळाशी होते. पण एकही खांब खाली गेलेला नव्हता. सगळे तळापासून वर उभे, आणि सात नंबर त्यांच्यात सगळ्यांत बुटका, एवढंच. लाल रंग गेला होता, सगळे निळे.

बाई कागद फाडून घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. दार उघडंच राहिलं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"हे कोणी केलं?"

"आपण बसा ना बाई. मीच केलं. आकडा एकही बदललेला नाही, आपण ताडून पाहू शकता. फक्त आडवी रेषा शून्यावर छेदायची, ती बाजूच्या मोजपट्टीवरच्या सर्वांत खालच्या आकड्यावर छेदू दिली. तशी सोय आहे त्या प्रोग्राममध्ये. दिसायला बरं दिसतं."

"साहेब, तुम्ही जमीन खाली सरकवली. खड्ड्यातला माणूस उभा दिसून राहिला त्याच्यात!"

"बाजूला आकडे लिहिलेले आहेत, बाई. ज्याला वाचायचं आहे तो वाचेल."

"आकडे कोण वाचते? लोक खांब पाहतात!"

"तेच तर म्हणतोय मी," साहेब शांतपणे म्हणाले. "हे केवळ फॉरमॅटिंग आहे. आपण मनाला लावून घेऊ नये."

बाहेर येताना बाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या सरळ टूलरूममध्ये गेल्या, एक धारदार सुरा घेतला आणि सात नंबरपाशी आल्या. संतोषला धक्का देऊन बाजूला केलं, मेन स्विच पाडला आणि मोटरवरून चाकाकडे जाणारे जाड पट्टे कापायला लागल्या. रबराचे पट्टे सहज कापले जात नाहीत. त्या दात आवळून, दोन्ही हातांनी सुरा ओढत होत्या. एक पट्टा तुटून त्यांच्या गालावर फटकन बसला आणि रक्त आलं, तरी थांबल्या नाहीत. शेवटचा तुटल्यावर सुरा लादीवर फेकून म्हणाल्या, "आता चालवा."

त्यांना निलंबित केलं. कंपनीच्या मालमत्तेची नासधूस. दुसऱ्या दिवशी सकाळी नवे पट्टे आले, आणि पाहुणे पोचले तेव्हा सात नंबर चालत होती. पाहुण्यांनी दारातला चार्ट पाहिला, माना डोलावल्या. काम आपल्याला मिळालं म्हणून कारखान्यात पेढे वाटले.

पुढच्याच आठवड्यात, भर सकाळी, प्रेस शॉपमधून एक आवाज आला. किंकाळी म्हणवत नाही त्याला. माणूस ओरडायला लागतो आणि मध्येच श्वास संपतो, तसा. मी धावत गेले तेव्हा संतोष प्रेसला पाठ लावून बसला होता आणि उजव्या मनगटाला डाव्या हाताने धरून त्याकडे बघत होता. चार बोटं नव्हती. पत्र्यावर, तेलात, रक्तात ती कुठे आहेत हे दोघं जण शोधत होते. एक जण बाजूला उलटी करत होता.

पाचर नव्हती. बटणात कुठेच काही ठोकलेलं नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी बटणं दाबली, ठोकळा निघाला, तेवढ्यात पत्रा तिरका झालेला दिसला. त्याने बटणं सोडली आणि पत्रा सरळ करायला हात घातला. बटणं सोडल्यावर प्रेस थांबते, हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं. ती थांबली, पण उशिरा.

मी संध्याकाळी बिबवेवाडीला जाऊन बाईंना सांगितलं. त्या कपडे वाळत घालत होत्या. ऐकून घेतलं, हातातलं ओलं लुगडं पिळतच राहिल्या. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या कारखान्यात आल्या. वॉचमन आडवा आला, त्याच्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं आणि तो बाजूला झाला. सात नंबर धुऊन पुसून पुन्हा चालू केलेली होती, गिऱ्हाइकाचा माल अडला होता. तिच्यावर शिंदे नावाचा ऑपरेटर बसवला होता. बाई केबिनमध्ये गेल्या आणि परांजपे साहेबांचं मनगट धरून त्यांना बाहेर घेऊन आल्या. साहेब आधी लाजेने चालले. "अहो, हे काय, आपण जरा..." प्रेस शॉपच्या दारात त्यांच्या लक्षात आलं आणि ते मागे ओढू लागले. बाईंनी त्यांच्या पोटात कोपर मारलं. साहेब वाकले. तसेच त्यांना ओढत नेऊन बाईंनी त्यांचा हात कोपरापर्यंत सात नंबरच्या ठोकळ्याखाली घातला आणि आपलं सगळं अंग त्या दंडावर टाकलं.

एकेक करत बाकीच्यांनी आपापल्या प्रेस बंद केल्या. फक्त सातची मोटर गुरगुरत होती.

"शिंदे," बाई म्हणाल्या, "बटणांवर हात ठेव."

शिंद्याने ठेवले. त्याने का ठेवले, हे तो पुढे कधीच सांगू शकला नाही.

"अहो, हे... मीनाताई, सांगा यांना! कुणीतरी धरा!"

मी जागची हलले नाही. कुणीच हललं नाही.

"भिता काहून साहेब?" बाई हळू बोलत होत्या, आणि त्यांना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तुमच्या चार्टात सात नंबर जमिनीच्या वर आहे. शिंदे बटणं दाबल आन् लगेच सोडल. प्रेस थांबल. थांबल ना?"

"नाही!"

"काय नाही?"

"नाही थांबणार!"

"मोठ्यानं. सगळ्यायले ऐकू जाऊ द्या."

"नाही थांबणार ती!" साहेब किंचाळले. त्यांचा चष्मा पडला होता, नाकातून पाणी गळत होतं. "ब्रेक गेलाय तिचा! मला माहीत होतं! सोडा!"

बाईंनी सोडलं. साहेब खाली बसले आणि आपली बोटं छातीशी धरून एकेक चाचपू लागले. बाईंनी मेन स्विच पाडला, कुणाच्या तरी बाकावरचा हातोडा घेतला आणि सात नंबरच्या बटणांच्या पेटीवर घाव घालायला सुरुवात केली. पेटी चेपली, मग उघडी पडली, मग तारांसकट लोंबकळू लागली. दमल्यावर त्यांनी हातोडा ठेवला आणि नळावर जाऊन तोंड धुतलं.

दुपारी पोलीस आले. फौजदाराने एकेकाला विचारलं. कुणी पाणी प्यायला गेलं होतं, कुणी वाकून माल मोजत होतं. शिंदे म्हणाला, त्याच्या डोळ्यात कण गेला होता. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, "मी प्लॅनिंगची. प्रेस शॉपशी माझा संबंध येत नाही." फौजदार माझ्याकडे बघून हसला. तरी त्याने बाईंना चौकीवर नेलंच. पण परांजपे साहेबांनी लेखी तक्रार दिली नाही. दिली असती तर आपण काय ओरडलो, तेही लिहून द्यावं लागलं असतं. बाईंकडून राजीनामा घेतला, विषय मिटवला. सात नंबर भंगारात निघाली. संतोषला काही भरपाई आणि गेटवर बसायचं काम मिळालं. साहेब वर्षभराने दुसऱ्या कारखान्यात गेले. निरोपाच्या समारंभात सगळ्यांना हात जोडून म्हणाले, आपल्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर बाईंची माझी भेट क्वचित झाली. बिबवेवाडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये त्या शिकवायला लागल्याचं कळलं होतं. तेव्हा गल्लोगल्ली ते क्लास निघाले होते आणि आयटीत जायचं म्हणून नागपूर-अमरावतीकडून आलेली पोरं तिथे गर्दी करायची. त्यातल्या एकाला बाईंनी खुर्चीसकट उलटा केला, असंही कानावर आलं. मला नवल वाटलं नाही.

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी एका रविवारी त्यांच्याकडे गेले. खोलीला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, "रविवारी त्या मागच्या चाळीत असतात, संतोषभाऊंकडे." मी मागे गेले. दार उघडं होतं. संतोषची बायको स्टोव्हपाशी चहा ठेवत होती. तिने मला ओळखलं आणि बोट ओठांवर ठेवून आत बघायची खूण केली.

खिडकीखाली, उजेडात, बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. केस बरेच पिकले होते. समोर संतोष. उजवा पंजा त्याने सवयीने पाठीमागे लपवला होता. डावा हात बाईंच्या मांडीवर होता आणि बाई नेलकटरने त्याची नखं कापत होत्या.

"स्वतःच्या हातानं येत नाही ना आता त्यांना," बायको माझ्या कानात म्हणाली. "मी कापते म्हटलं, तर म्हणतात तुझं लागतं."

"हलू नको बे," आतून बाई म्हणाल्या.

संतोष हलत नव्हता. डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून तो बसला होता, आणि बाईंनी मान खाली घालून करंगळी हातात घेतली होती.